विमा आहे, पण रक्कम किती?

दुकानाच्या विम्याबद्दल कुणीतरी लिहिलंय, 'विमा काढलाय, आता निर्धास्त.' रक्कम किती लावलीये ते एकदा बघा. दुकानात 10 लाखांचा माल, विमा 6 लाखांचा आणि पुरात 2 लाखांचं नुकसान, तर कंपनी त्याच प्रमाणात 1 लाख 20 हजारच धरते. हप्ता वाचवायला रक्कम कमी लावायची, ही आपली जुनी खोड. 2021 पासूनच्या, छोट्या धंद्यांसाठीच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत पूर धरलेला असतो आणि विम्याची रक्कम मालाच्या किमतीपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी असली, तर ती तूट माफ असते. पण दिवाळीआधी माल भरला की तूट त्याच्या सहज पुढे जाते.

सप्टेंबर 2019 मध्ये पुण्यातल्या आंबिल ओढ्याचं पाणी आमच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरलं. कागदाची रिमं फुगून रॅकमध्ये अशी घट्ट बसली की पहारीने उचकटावी लागली. बिलांची फाईल नेमकी खालच्या खणात, तिचा लगदा. नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरला दाखवायला घाऊकवाल्याकडून प्रती मागून आणल्या. आता बिल आलं की फोटो काढून लगेच मेलवर, आणि रॅकचे खालचे दोन फूट रिकामे. चिखल उपसण्याआधी फोटो काढायचे असतात, हेही तेव्हाच कळलं. भावाने उत्साहात अर्धं दुकान धुऊन टाकलं होतं.