मदत हवी आहे: परतीला कसारा घाट चढताना ट्रकचं इंजिन मधूनच बंद पडतं

पिंपळगावकर:
नमस्कार मंडळी. गाडी २०१८ची, बीएस-४, चार सिलिंडर, कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जाड पाइपातून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाचं डिझेल), सहा टायर. पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला कांदा जातो. धाकटा भाऊ चालवतो. हप्ता आणि कटकट माझ्याकडे.

महिनाभर एकच त्रास आहे. चालू गाडीत इंजिन बंद पडतं. माल भरून जाताना कधीच नाही. परत येताना, गाडी रिकामी असताना, आणि बहुतेक वेळा कसारा घाटाच्या चढणीलाच. स्टेअरिंग एकदम जड होतं, मागे कंटेनरवाले हॉर्नवर हात ठेवून उभे. थोडं थांबलं की चालू होते आणि घरी येते. एखाद्या फेरीला काहीच होत नाही, त्यामुळे गॅरेजला नेली की 'गाडी तर ठणठणीत आहे' असं ऐकावं लागतं.

दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, टाकी उतरवून धुतली, बॅटरीची टोकं आणि अर्थिंग घासून बसवलं. स्कॅनरवर पी००८७, म्हणजे रेल प्रेशर कमी, एवढाच कोड येतो. एक मिस्त्री म्हणतो रेलला प्रेशर देणारा डिझेल पंप गेला, उतरवून टेस्टिंगला पाठवू. खर्च पन्नास हजारांच्या घरात. दुसरा म्हणतो क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन किती फिरतंय ते सांगणारा, गरम झाला की दगा देतो. दोघंही छातीठोकपणे सांगतात. पंप उघडण्याआधी काय काय बघून घेऊ?

जुना_फिटर:
एअर घेतेय गाडी. चालू इंजिनवर एकेक नोझलचा नट सैल करून एअर काढा, गाडी पळेल. आयुष्यभर हेच केलं.

डिझेलवाला_सांगली:
काका, ते जुन्या पंपाच्या गाड्यांना ठीक होतं. कॉमन रेलच्या पाइपात १६०० बारपर्यंत प्रेशर जातं. चालू इंजिनवर नट सैल केला तर डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते, बोट कापायची वेळ येते. पिंपळगावकर, त्या बाजूला कुणालाही पाना लावू देऊ नका.

आता तुमच्या कोडबद्दल. पी००८७ एवढंच सांगतो की रेलमध्ये हवं तेवढं प्रेशर बनलं नाही. दोष पंपाचा, नोझलचा की मागून डिझेलच येत नाही, हे त्यात कळत नाही. पंप किंवा नोझल संपले असते तर भरल्या गाडीने आधी बोंब मारली असती. तुमची रिकामी गाडी रुसते, हे मला खटकतंय. तीन गोष्टी भावाला विचारून लिहा:
बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडतो? परत चालू करायला तो नेमकं काय करतो? आणि त्या वेळी टाकीत डिझेल किती असतं?

रात्रपाळी:
काट्याचं मी सांगतो. क्रँक सेन्सर गेला तर गाडी गिअरमध्ये फिरत असतानाच काटा झटक्यात शून्यावर येतो, बटण दाबल्यासारखं. वेगळा कोडही बऱ्याचदा पडतो, पी०३३५. डिझेल कमी पडलं तर गाडी आधी पिकअप सोडते, दोन-तीन गचके देते आणि मग मरते.
आणखी एक, फुकटातलं. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून कान द्या. 'सूंऽ' करून हवा आत ओढली तर टाकीचा श्वास बंद आहे, म्हणजे हवा आत यायची वाट तुंबलीय.

पिंपळगावकर:
भावाला विचारलं. काटा हळूहळू पडतो, आधी गचके देते. आणि हे त्याने मला आजवर सांगितलंच नव्हतं: नुसतं थांबून चालू होत नाही, फिल्टरवरचा हातपंप कडक होईस्तोवर मारतो, मग सेल्फ घेते. झाकणाचा आवाज येत नाही. डिझेल नाशिकला फुल करतो, म्हणजे परतीला कसाऱ्यात टाकी अर्ध्याच्या खाली असणार.

डिझेलवाला_सांगली:
मग पंपाला हात लावू नका. तुमच्या गाडीत फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा, इंजिनवर असेल तर टाकीपासून तिथपर्यंतची सगळी लाइन ओढीवर चालते. तिथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली डाग दिसत नाही आणि मिस्त्री लाइन बघतच नाहीत. टाकी फुल असताना डिझेलची पातळी चिरेच्या वर, त्यामुळे चालून जातं. पातळी खाली गेली, त्यात चढणीला इंजिन वर आणि टाकी खाली, की ओढ वाढते आणि हवा शिरते.

हातपंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा, टाकी कमी ठेवा आणि उभ्या गाडीत रेस देऊन बघा. बुडबुडे दिसले तर इंजिनजवळ डिझेलचा कॅन ठेवून ओढीचा पाइप त्यात सोडा. रिटर्नही, म्हणजे इंजिनातून परत येणारं जादा डिझेल, कॅनमध्येच घ्या, नाहीतर कॅन लगेच संपेल. बुडबुडे थांबले तर दोष टाकी ते तो जोड यातच. नाही थांबले तर पुढे फिल्टरचं रबर आणि बंजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर बघा. फिल्टर नवीन टाकताना जुनाच वॉशर परत लावतात.

तोवर भावाला सांगा: गाडी मेली की ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नको. कॉम्प्रेसर बंद असतो, टाक्यांतली हवा संपते. एकदाच दाबून कडेला घे, हँडब्रेक लाव, चाकाला ओट (अडवायला दगड किंवा ठोकळा) लाव.

पिंपळगावकर:
सापडलं! पारदर्शक पाइपात बुडबुड्यांची माळच लागली होती, कॅनवर घेतल्यावर एकही नाही. चासीच्या आतल्या बाजूला, क्लिप तुटलेल्या जागी, नायलॉनचा पाइप कडेला घासून नखाएवढा पातळ झालाय. तिथेच धुळीचा ओलसर काळा थर चिकटला होता, बाकी पाइप कोरडा. गॅरेजवाला म्हणतो तेवढाच तुकडा कापून रबरी होज आणि दोन क्लॅम्प लावू. चालेल का?

डिझेलवाला_सांगली:
घरी आणण्यापुरतं चालेल. साधा रबरी होज डिझेलने आतून फुगतो आणि क्लॅम्पपाशी पुन्हा हवा घेतो. अख्खा पाइप नवीन टाका, त्याच मापाचा डिझेलचा नायलॉन पाइप स्पेअरवाल्याकडे मीटरवर मिळतो. क्लिपा रबर घातलेल्या घ्या आणि पाइप चासीच्या कडेपासून बोटभर लांब बांधा. मग टाकी पावभर ठेवून एकदा मोकळी गाडी घाटात चढवून बघा.

जुना_फिटर:
एअरच होती ना शेवटी.