तारे म्हणजे 'नुसते' वायूचे गोळे?

टॉर्चवाला:
काल इथे एकाने लिहिलं, "देव न मानणाऱ्यांचं आयुष्य कोरडं. त्यांना तारे म्हणजे नुसते वायूचे गोळे, माणूस म्हणजे रसायनं." वाचून डोकं तापलं. अहो, डिसेंबरातल्या अमावस्येला सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जा. देवयानी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, साध्या डोळ्यांनी दिसते, पुसट डागासारखी. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय, तेव्हा आपली मनुष्यजातच नव्हती! अंगावर काटा येतो, नारळ न फोडता. रक्तातलं लोह ताऱ्यांत घडलंय हे कळलं तेव्हा जे वाटलं, ते मला कुठल्या गाभाऱ्यात वाटलं नाही.

बाळीवेसकर:
मीच लिहिलं, मागे घेत नाही. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याचा चेहरा पाहिलाय? तुमच्या देवयानीचा गड्डा भरतो का? आई गेली तेव्हा अख्खी गल्ली दारात होती. तुमचं लोह नव्हतं आलं.

माळावरचा:
नान्नजचं नाव काढलंत म्हणून बोलतो. १९७९ च्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात आमची शेती. आधी ८,४९६ चौरस किलोमीटर धरलं होतं, गावंच्या गावं आत! पोरीच्या लग्नाला तुकडा विकायचा तर परवानगीसाठी हेलपाटे. आणि पक्षी? दाखवा एक.

पक्षीवेडी:
पक्षी काय तुमच्या सातबाऱ्यावर बसून मेले? विजेच्या तारांनी मारले. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंगाने जड, ऐनवेळी वळता येत नाही. त्यात विणीला बहुधा एकच अंडं.

माळावरचा:
तारा आम्ही ओढल्या का? अंडी मोजता, हेलपाटे कोण मोजणार?

पक्षीवेडी:
माळ नांगरले कुणी, तेही सांगा की.

माळावरचा:
मग खायचं काय, देवयानी?

बाळीवेसकर:
घ्या. विज्ञानवाल्यांचीच जुंपली.

पक्षीवेडी:
तुम्ही गप्प बसा हो. वडिलांचं आम्ही देहदान केलं. दहावं नाही, तेरावं नाही. भावकी वर्षभर बोलत नव्हती. पण डॉक्टर होणारी पोरं त्यांच्या देहावर शिकली. मला तेवढा अर्थ पुरतो.

बाळीवेसकर:
देहदानाला हात जोडतो, तिथे वाद नाही. पण रात्री दोनला आठवण आली तर बोलता कुणाशी?

पक्षीवेडी:
मावशीशी. तिलाही झोप नसते.

टॉर्चवाला:
मूळ विषय ताऱ्यांचा होता...

माळावरचा:
असू द्या. परवानगीचा अर्ज कुठल्या खिडकीत घेतात, तेवढं कुणीतरी सांगा.