हार्ड डिस्क बदलून नव्या एसएसडीवर विंडोज पुन्हा बसवणे : परवाना आणि जुने मराठी फॉन्ट कसे सांभाळावेत?

अक्षरजुळणी (प्रश्न)

माझा लॅपटॉप २०१८ साली घेतलेला आहे. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबीची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क आणि विकत घेतानाच आलेली विंडोज १० होम सिंगल लँग्वेज, असा तो आहे. गेल्या महिन्यापासून तो सुरू व्हायलाच दहा-बारा मिनिटे लागतात आणि फाइल उघडताना आतून बारीक टकटक ऐकू येते. म्हणून मी ५०० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणून ठेवली आहे.

मी घरून दिवाळी अंकांची आणि पुस्तकांची अक्षरजुळणी करते. अकरा वर्षांच्या फाइली, त्यांतही पेजमेकर (पानांची मांडणी करणारे सॉफ्टवेअर) आणि कोरलड्रॉच्या (चित्रांकनाचे सॉफ्टवेअर) अनेक, या डिस्कच्या डी ड्राइव्हवर आहेत, आणि युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठीची आजची सामाईक अक्षरप्रणाली येण्याआधीच्या) काळातले मराठी फॉन्ट सी ड्राइव्हवर आहेत. दुकानदार म्हणतो, ‘‘ताई, नवी विंडोज मारून देतो, सगळी सॉफ्टवेअरही टाकून देतो.’’ दुसरीकडे माझा भाचा म्हणतो की, जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवून घे, म्हणजे काहीच करावे लागणार नाही. लॅपटॉपच्या तळाला विंडोजचे चिन्ह आहे, पण परवान्याची पंचवीस अक्षरांची की कुठेही छापलेली नाही. ती नसताना नव्या डिस्कवरची विंडोज अधिकृत धरली जाईल का? आणि या कामात आधी काय करावे व नंतर काय, हे कोणी क्रमाने सांगू शकेल का?

जुना_पेचकस

टकटक ऐकू येत असेल तर विंडोजचा विचार बाजूला ठेवून आधी फाइली बाहेर काढा. या क्षणापासून त्या डिस्कवर एकही नवे काम करू नका आणि कोणी सुचवले तरी चेकडिस्क या विंडोजमधल्या साधनाची पूर्ण पृष्ठभाग-तपासणी सुरू करू नका, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तिचा प्रत्येक कोपरा वाचायला लावणारी ती तपासणी कित्येकदा शेवटचा धक्का ठरते. बाहेरची डिस्क जोडून सर्वांत मौल्यवान फोल्डर आधी उतरवा, म्हणजे चालू अंकांच्या फाइली पहिल्या आणि सिनेमे शेवटी. नक्कल करताना एखादी फाइल अडली तर ती वगळून पुढे चला, तिच्याकडे नंतर पाहता येईल. ते झाले की क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची प्रकृती दाखवणारे सॉफ्टवेअर चालवून ०५ आणि सी५ या दोन ओळी पाहा. पहिलीत बदली केलेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या साठवणीच्या छोट्या कप्प्यांची) संख्या असते, दुसरीत वाचता न आल्यामुळे बदलीची वाट पाहणाऱ्या सेक्टरांची. दुसरीतला आकडा शून्याच्या वर असेल आणि दिवसागणिक वाढत असेल, तर डिस्क जशीच्या तशी उतरवण्याचा बेत सोडून द्यावा. न वाचता आलेल्या जागी विंडोजची एखादी फाइल असली तर तिची खराब प्रतच नव्या डिस्कवर जाते, आणि मग सहा महिने नव्या डिस्कला दोष देण्यात जातात.

आता कीबद्दल. विंडोज ८ पासून कंपन्यांनी की छापणे थांबवले आणि ती मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (यंत्रातच कायम असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहायला सुरुवात केली. विंडोज बसवताना ती आपोआप वाचली जाते, म्हणून आपल्याला बहुधा विचारणाही होणार नाही. झाली तरी ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडून पुढे जावे. याखेरीज विंडोज १० ने आपल्या यंत्राची नोंद डिजिटल परवाना म्हणून मायक्रोसॉफ्टकडे केलेली असते. ही नोंद मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेली असल्यामुळे डिस्क बदलल्याने ती तुटत नाही. अट एवढीच की आवृत्ती तीच हवी. होम सिंगल लँग्वेजच्या जागी प्रो बसवली तर हा परवाना तिला लागू होत नाही, आणि नेमके हेच दुकानात घडते. तिथे सरसकट प्रो बसवतात आणि ती चालावी म्हणून कुठले तरी ॲक्टिव्हेटर (परवाना नसताना विंडोज अधिकृत भासवणारे सॉफ्टवेअर) चालवतात, ते चालावे म्हणून विंडोजचे संरक्षण बंद करतात, आणि पैसे देऊन घेतलेला आपला खरा परवाना मात्र तसाच पडून राहतो.

रात्रपाळी

डिस्क धडधाकट असेल तर जशीच्या तशी उतरवण्यात काही वाईट नाही. तासा-दोन तासांत काम होते आणि सगळी सॉफ्टवेअर जागच्या जागी राहतात. सरसकट नाही म्हणणे मला पटत नाही. अर्थात इथे टकटक आहे म्हटल्यावर माझेही मत मुळापासून बसवण्याकडेच झुकते.

उंबरझाड

आपले यंत्र आठव्या पिढीचे आहे, तेव्हा विंडोज ११ च बसवा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला लागणारे टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची सोय) या पिढीत असतेच, फक्त काही लॅपटॉपांत ते बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पीटीटी या नावाने बंद करून ठेवलेले आढळते. विंडोज १० चा डिजिटल परवाना ११ लाही चालतो. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल घेऊन निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरचे सर्व पुसले जाईल हे लक्षात ठेवून. दुसऱ्या पेनड्राइव्हवर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) उतरवून ठेवा. विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागते आणि वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडकायला होते. अशा वेळी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलने लॅपटॉपला देणे) सुरू केले की बहुतेकदा वाट मोकळी होते.

जुनी डिस्क बाहेर काढण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहावे. ते चालू असेल आणि डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, पण त्या खात्याचा पासवर्ड ठाऊक आहे ना, याची खात्री आजच करून घेतलेली बरी. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या नव्याने बसवताना मायक्रोसॉफ्ट खाते वापरले की हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होते, त्यामुळे नव्या डिस्कबाबतही हीच दक्षता घ्यावी लागेल.

यंत्र उघडण्याचे काम वाटते तेवढे अवघड नाही. चार्जर काढावा आणि तळाचे झाकण उघडल्यावर सर्वप्रथम बॅटरीचा जोड सोडवावा. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर उरलेला स्क्रू रबरी पायाखाली दडलेला असतो. कडेच्या खाचा सोडवायला जुने एटीएम कार्ड पुरते, त्यासाठी चाकू वापरू नये. हार्ड डिस्कला चार स्क्रूंनी धातूची चौकट लावलेली असते, ती काढून एसएसडीला लावायची, नाहीतर नवी डिस्क आत डुगडुगत राहते. डिस्क पातळ चपट्या केबलने जोडलेली असेल तर ओढताना केबलला नव्हे, तिच्या टोकाच्या जोडाला धरावे.

अक्षरजुळणी

सर्वांचे आभार. सी५ समोरचा आकडा दोन दिवसांत दुप्पट झाला, म्हणून डिस्क जशीच्या तशी उतरवून घेण्याचा विचार सोडला. सगळ्या फाइली बाहेर काढल्या. चार फाइली अडल्या, पण त्या २०१४ च्या एका पत्रिकेच्या होत्या. डिस्क बसवली, पेनड्राइव्हवरून यंत्र सुरूही झाले, पण जिथे डिस्क निवडायची तिथे ‘या डिस्कवर विंडोज बसवता येणार नाही’ असे म्हणून एमबीआर आणि जीपीटीबद्दल काहीतरी लिहून येत आहे. मी ही डिस्क कोरी असताना जुन्या विंडोजला केबलने जोडून पाहिली होती आणि तेव्हा विचारलेल्या प्रश्नाला एमबीआर असे उत्तर देऊन तिच्यावर एक भागही पाडला होता. तिथेच चुकले का? आणखी एक शंका : ५०० जीबीची डिस्क ४६५ च का दाखवते?

जुना_पेचकस

तिथेच चुकले, पण नुकसान काही झालेले नाही. एमबीआर आणि जीपीटी या डिस्कवरचे भाग मांडण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती. आपले यंत्र यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत आहे आणि त्या पद्धतीला डिस्कवर जीपीटी मांडणी लागते. यंत्रात आता ही एकच डिस्क असेल आणि तिच्यावर आपले काही नसेल, तर त्याच पडद्यावर तिचे सगळे भाग पुसून टाका. यादीत रिकाम्या जागेची एकच ओळ उरली की ती निवडून पुढे जा, मांडणी विंडोज स्वतःच जीपीटी करून घेते. यासाठी डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनातली ‘क्लीन’ ही आज्ञा अनेक ठिकाणी सुचवलेली आढळेल. ती चुकीची नाही, पण तिथे क्रमांक चुकला तर क्षणात भलतीच डिस्क कोरी होते, म्हणून फाइलींची प्रत असलेली बाहेरची डिस्क या वेळी यंत्राला जोडलेली नसावी. बायोसमध्ये जाऊन यंत्र सुरू करण्याची जुनी लेगसी पद्धत निवडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मात्र घेऊ नका.

४६५ चे म्हणाल तर, कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. मापे वेगळी, जागा तेवढीच.

पुढे जाण्यापूर्वी आपल्या व्यवसायापुरती एक गोष्ट सांगतो. पेजमेकरच्या फाइलीत चित्रे जोडलेली असतात, आणि जोडताना ती डी ड्राइव्हवर कुठे आहेत तो पत्ताच लिहून ठेवलेला असतो. सगळी जागा एकट्या सी ला दिली, तर जुना प्रत्येक अंक उघडताना चित्र सापडत नसल्याची तक्रार येत राहील. म्हणून रिकाम्या जागेतून आधी सुमारे २०० जीबीचा, म्हणजे २०४८०० एमबीचा भाग करून विंडोज त्यावर बसवा. उरलेल्या जागेचा नंतर डिस्क मॅनेजमेंटमधून दुसरा भाग करा, त्याला डी हेच अक्षर द्या आणि फोल्डरांची नावे व रचना तंतोतंत जुनीच ठेवा. डी हे अक्षर पेनड्राइव्हने अडवले असेल तर त्याला आधी दुसरे अक्षर द्यावे लागेल. विंडोज बसवताना ती स्वतःसाठी आणखी दोन-तीन छोटे भाग करते, त्यांना हात लावू नये.

मोडीवाचक

फॉन्टांबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्ट दोन ठिकाणी असू शकतात. एक म्हणजे सर्वांना ठाऊक असलेले, विंडोज फोल्डरातले फॉन्ट्स. दुसरे म्हणजे वापरकर्त्याच्या फोल्डरात ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज या क्रमाने आत गेल्यावर येणारे फॉन्ट्स. ॲपडेटा फोल्डर लपवलेले असते आणि फॉन्टावर दोनदा टिचकी मारून ‘इन्स्टॉल’ केलेले फॉन्ट सहसा तिथेच जातात. पहिल्याच ठिकाणची प्रत घेतली असेल तर काही फॉन्ट जुन्या डिस्कवर राहून गेले असण्याचा संभव आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे तो नेमका फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. अशा वेळी फाइल बिघडली असे समजून ती पुसू नये. श्रीलिपीसारख्या भारतीय लिप्यांच्या प्रणाली नुसत्या फॉन्टांच्या नकलेने चालत नाहीत. त्यांचे मूळ सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागते आणि डाँगल (परवान्यासाठी यूएसबीला लावायचे उपकरण) असेल तर त्याचा ड्रायव्हरही लागतो.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये निर्मला यूआय हा फॉन्ट असतो, पण मंगल, कोकिला, उत्साह, अपराजिता हे असतीलच असे नाही, कारण विंडोज १० पासून ते देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या संचात गेले आहेत. मंगलमध्ये जुळवलेली वर्डची फाइल दुसऱ्या फॉन्टात उघडली की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि पाने कमी-जास्त होतात. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून हा संच उतरवून घ्या. मराठीचा ध्वन्यनुसारी कळफलक विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून विंडोजमध्येच आहे, त्यासाठी वेगळे काही उतरवायला नको.

रात्रपाळी

कोरलड्रॉची प्रत परवान्याची असेल तर खात्यात जाऊन जुनी नोंद मोकळी करता येते का ते पाहा. जुनी डिस्क निदान दोन महिने पुसू नका. यूएसबीच्या डबीत घालून ठेवा, मात्र ती जोडलेली असताना यंत्र पुन्हा सुरू करू नका, नाहीतर एखादे यंत्र तिच्यावरचीच विंडोज सुरू करू पाहते.

अक्षरजुळणी

झाले. भाग पुसल्यावर विंडोज अडथळ्याविना बसली, की मागितली नाही, आणि इंटरनेट जोडताच सेटिंग्जमध्ये होम सिंगल लँग्वेज डिजिटल परवान्याने सक्रिय असल्याचे दिसले. वाय-फाय खरोखरच नव्हते, फोनच्या केबलने काम भागवले. आता पासवर्डाच्या पडद्यापर्यंत यायला यंत्राला अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी वेळ लागतो. डी हे अक्षर दिल्यावर गेल्या वर्षीच्या अंकातली सगळी चित्रे जागच्या जागी आली, पण मुखपृष्ठाचे शीर्षक मात्र रोमन अक्षरांत उघडले. मोडीवाचकांनी सांगितलेल्या दुसऱ्या फोल्डरात जुन्या डिस्कवर अडतीस फॉन्ट निघाले, त्यांतलाच तो एक होता. ती डिस्क आता डबीत घालून कपाटात ठेवली आहे.