सेलो, देरेव्न्या आणि एकाच नावाची दोन गावे : मराठीत काय लिहावे?

पारिजातक :
एका रशियन कथेचा मूळ भाषेतून अनुवाद करते आहे आणि एका संवादापाशी अडले आहे. कथेत एकाच जिल्ह्यात पोक्रोव्स्कोये नावाची दोन गावे आहेत; त्यांपैकी एक ‘सेलो’ आणि दुसरे ‘देरेव्न्या’. गाडीवान विचारतो, “कुठल्या पोक्रोव्स्कोयेला?” आणि उतारू जरा गुर्मीतच उत्तरतो, “सेलोला. देरेव्न्यात आमचे काय काम?” क्रांतीपूर्वीच्या रशियात ज्या गावात चर्च असे ते सेलो, आणि जिथले लोक प्रार्थनेसाठी शेजारच्या सेलोत जात ती देरेव्न्या, असा ढोबळ भेद होता. मी पहिल्याला ‘गाव’ आणि दुसऱ्याला ‘वाडी’ असे लिहिले होते. संपादकांनी दोन्ही ठिकाणी ‘गाव’ केले, त्यामुळे उताऱ्यातली गुर्मी पार नाहीशी झाली. तळटीप न देता हा भेद कसा दाखवावा?

शिलालेख :
‘वाडी’ला माझीही हरकत आहे. वाडी कुठल्यातरी मूळ गावाची असते, आणि देरेव्न्या तशी असेलच असे नाही. आपल्या कथेतले नावच मला अधिक रोचक वाटते. ‘पोक्रोव’ हा देवमाता मरियेच्या छत्रछायेचा सण असून तो नव्या कालगणनेनुसार १४ ऑक्टोबरला येतो. त्या सणाच्या नावाने चर्च बांधले, की त्यावरून गावाला पोक्रोव्स्कोये म्हणत. संत निकोलसावरून निकोल्स्कोये, ख्रिस्ती त्रैक्यावरून त्रोइत्स्कोये, पुनरुत्थानावरून वोस्क्रेसेन्स्कोये. मोजकेच सण आणि मोजकेच लोकप्रिय संत असल्यामुळे ही नावे देशभर पुन्हापुन्हा आढळतात. ‘सेलो’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून ही विशेषणेही नपुंसकलिंगी होतात. तेव्हा पोक्रोव्स्कोये नावाच्या देरेव्न्यात पूर्वी कधीतरी चर्च असावे आणि पुढे ते गेले असावे, अशी मला दाट शंका आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा आणि देऊळगाव मही आहेतच. गाडीवानाच्या तोंडी ‘देवळाचे पोक्रोव्स्कोये’ घालून पाहावे.

बोरूबहाद्दर :
देऊळ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे कळस येतो, घुमट येत नाही. आपल्याकडे जोडगावांसाठी तयार व्यवस्था असताना नवे शोधायचे कशाला? पुण्यात वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द शेजारीशेजारी नांदत आहेत. रशियनमध्ये बोल्शोये आणि मालोये, म्हणजे मोठे आणि लहान, अशा जोड्या गावोगावी सापडतात. पोक्रोव्स्कोये बुद्रुक आणि पोक्रोव्स्कोये खुर्द असे लिहिल्यास मराठी वाचकाला एका अक्षराचाही खुलासा करावा लागणार नाही.

मोडी :
क्षमस्व, पण मला हे अजिबात मान्य नाही. खुर्द आणि बुद्रुक हे शब्द फारसीतून आपल्या महसुली दप्तरात आले आणि त्यांना सातबाऱ्याचा वास आहे. रशियन गाडीवान बुद्रुक म्हणाला, की त्याच्या डोक्यावर तत्काळ गांधी टोपी दिसू लागेल. उसनेच शब्द घ्यायचे तर मग रशियनच काय वाईट? आणि मराठीच हवे असतील तर थोरले-धाकटे हे घरचे शब्द आहेत. डहाणूजवळ धाकटी डहाणू आहे. तिला कोणी डहाणू खुर्द म्हणत नाही.

बोरूबहाद्दर :
चारशे वर्षे ज्याच्यावाचून पत्ता सांगता येत नाही तो शब्द अजून उसना, हा न्याय मला समजत नाही. शिवाय ‘बुद्रुक’ हा ‘बुजुर्ग’चा अवतार आहे आणि त्यात आकाराबरोबर वडीलकीही येते. ‘वेलीकी’ या रशियन विशेषणाची गत पाहा. वोल्खोव नदीवरचे नोव्हगोरोद १९९९ साली अधिकृतपणे वेलीकी नोव्हगोरोद, म्हणजे थोर नोव्हगोरोद झाले. त्याची वस्ती दोन-सव्वादोन लाख, तर व्होल्गेवरच्या नीझ्नी नोव्हगोरोदची सुमारे बारा लाख. थोरपण इथे वयाचे आणि मानाचे आहे. हा अर्थ बुद्रुकइतका नेमका दुसऱ्या कुठल्या शब्दात आहे ते मोडी यांनी सांगावे.

मोडी :
‘थोरले’ या शब्दात आहे. थोरले माधवराव अंगापिंडाने मोठे म्हणून थोरले नव्हते.

व्होल्गेकाठचा :
माझे वैद्यकीय शिक्षण नीझ्नी नोव्हगोरोदला झाले, म्हणून थोडी भर घालतो. तिथे कोणीही पूर्ण नाव घेत नाही, सगळे नुसते ‘नीझ्नी’ म्हणतात. म्हणजे ओळखीसाठी जोडलेले विशेषणच नाव होऊन बसले आहे. १९३२ ते १९९० या काळात शहराचे नाव गोर्की होते, त्यामुळे तेवढ्या वर्षांपुरता दोन नोव्हगोरोदांचा घोळ मिटला होता. दुसऱ्या शहराच्या रेल्वे स्थानकाचे नाव आजही ‘वोल्खोवकाठचे नोव्हगोरोद’ असे आहे. नीझ्नी म्हणजे खालचे. पण कशाच्या खालचे, यावर तिथेही एकमत नाही. काही जण सांगतात की ते वरच्या अंगाच्या गोरोदेत्सच्या मानाने खालचे, तर काही म्हणतात की ‘खालच्या मुलखातले’. हाच प्रकार रोस्तोव्ह नावाच्या दोन शहरांचा आहे. आपण मराठीत सर्रास ‘रोस्तोव-ऑन-डॉन’ लिहितो, हा मधला इंग्रजी ‘ऑन’ मला आजवर पचलेला नाही. ‘डोनकाठचे रोस्तोव्ह’ म्हणायला काय हरकत आहे? गंमत अशी की हे शहर मूळ रोस्तोव्हच्या लोकांनी वसवलेले नाही. १७४९ साली तिथे जकातीचे ठाणे झाले, १७६१ साली किल्ला उभा राहू लागला आणि त्याला रोस्तोव्हचे धर्मगुरू संत दिमित्री यांचे नाव दिले. गावाचे नाव संताला लागले आणि संताबरोबर ते दूर दक्षिणेला गेले. आज मूळ रोस्तोव्हची वस्ती तीसेक हजार आहे आणि डोनकाठच्या रोस्तोव्हची अकरा लाखांच्या वर.

नदीकाठ :
‘खालचे’ म्हणजे काय याचे उत्तर उरलमध्ये स्वच्छ मिळते. वेर्ख्नी तागील आणि नीझ्नी तागील ही शहरे तागील नदीवर, वेर्ख्न्याया तुरा आणि नीझ्न्याया तुरा ही तुरा नदीवर. उगमाकडचे ते वरचे, मुखाकडचे ते खालचे. आपल्या पाटबंधारे खात्याने ऊर्ध्व वर्धा, निम्न वर्धा, निम्न दुधना अशी नावे रूढ केलीच आहेत, तर ‘निम्न नोव्हगोरोद’ का नको?

व्होल्गेकाठचा :
कारण मला तिथल्या मित्रांना तोंड दाखवायचे आहे. धरणाला निम्न म्हटले तर ते निमूट ऐकून घेते.

शिलालेख :
विशेषणच नाव होऊन बसते, या मुद्द्याचे सर्वांत टोकाचे उदाहरण अतिपूर्वेला आहे. व्लादिवोस्तोकच्या उत्तरेला १८६६ साली स्थलांतरित शेतकऱ्यांनी निकोल्स्कोये वसवले आणि १८९८ साली ते निकोल्स्क नावाचे शहर झाले. वोलोग्दा प्रांतात आधीपासून एक निकोल्स्क होतेच, म्हणून १९२६ साली याला ‘निकोल्स्क-उस्सुरीय्स्की’, म्हणजे उस्सुरी मुलखातले निकोल्स्क, असे नाव दिले. १९३५ साली तेही पुसून सेनानी वोरोशिलोव यांचे नाव लावले आणि १९५७ साली उस्सुरीय्स्क केले. संत निकोलस गेले, शेपूट तेवढे राहिले. सोव्हिएत राजवटीने धार्मिक नावे हटवली, मात्र त्यांच्या जागी आणलेली नावेही एकाच साच्याची होती. सारातोव्हसमोरचे पोक्रोव्स्क १९३१ साली एंगेल्स झाले. सोव्हिएत नेते किरोव यांच्या हत्येनंतर १९३४ साली व्यात्काचे किरोव झाले आणि दोनच वर्षांनी कालुगा भागातल्या पेसोच्न्यालाही तेच नाव मिळाले. सोवेत्स्क तर आज तीन आहेत : कालिनिनग्राद, किरोव आणि तुला या तीन प्रांतांत एकेक.

पारिजातक :
सर्वांचे आभार, बरेच नवे कळले. परंतु माझा गाडीवान अजून लगाम धरून उभा आहे. माझ्या कथेतला भेद लहान-मोठ्याचा नाही आणि वर-खालचाही नाही. खुर्द आणि धाकटे या दोन्ही शब्दांत चर्चचा मान येत नाही. आणि ‘देवळाचे’ म्हणावे तर बोरूबहाद्दर यांना कळस दिसतो.

नदीकाठ :
मग ‘कसबा’ पाहा. कसबा आणि मौजे ही जोडी आपल्याकडे होतीच, आणि कसब्याच्या माणसाची गुर्मीही होती.

मोडी :
कसब्याला बाजारपेठ लागते, चर्च लागत नाही. शिवाय हाही अरबीच.

बोरूबहाद्दर :
‘मौजे’देखील अरबीच आहे. मोडी यांच्या निकषाने महाराष्ट्रात एकही गाव शिल्लक राहणार नाही.

मोडी :
ते राहू द्या. मूळ वाक्यातली ‘पोक्रोव्स्कोयेला’ आणि ‘देरेव्न्यात’ ही रूपे मला अधिक खटकतात. पोक्रोव्स्कोये हे एकारान्त नपुंसकलिंगी ग्रामनाम आहे, म्हणजे पुणे आणि ठाणे यांच्याच जातीचे. आपण ‘पुणेला’ म्हणत नाही, पुण्याला म्हणतो. मग ‘पोक्रोव्स्कोयाला’ का नाही? आणि देरेव्न्या स्त्रीलिंगी असेल तर ‘विद्येत’प्रमाणे ‘देरेव्न्येत’ हवे.

पारिजातक :
रशियनमध्येही हे नाव विभक्तीत बदलते, हे खरे आहे. पण ‘पोक्रोव्स्कोयाला’ असे छापल्यास संपादक मला फोन करतील.

शिलालेख :
तालुक्याचे नेवासे ‘नेवाशाला’ असे चालत असेल, तर पोक्रोव्स्कोयेही तसेच चालवावे. मात्र ‘वोस्क्रेसेन्स्कोयाला’ हे मोडी यांनी एकदा मोठ्याने म्हणून दाखवावे.