इस्रायली विद्यार्थ्यांच्या उन्हाळी फेलोशिप चालू ठेवाव्यात का?

पाणपोई (धागाकर्ती)

नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात मी प्रथिनांच्या रचनेवर काम करते. आमच्या विभागात दर उन्हाळ्यात इस्रायलमधून पदवीचे दोन विद्यार्थी आठ आठवडे येतात. विमानाचं तिकीट, राहायला एक खोली, हातखर्चापुरते युरो आणि प्रयोगशाळेत एक टेबल, एवढीच ती फेलोशिप. ती चालू ठेवायची की बंद करायची यावर येत्या मंगळवारी समितीत मतदान आहे आणि त्यात माझंही एक मत आहे. आठवडाभर डोक्यात हेच चाललंय, म्हणून इथे मांडते.

प्रश्न एकट्या आमच्या विभागाचा नाही. गाझातल्या युद्धावरून बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने २०२४ मध्ये इस्रायली संस्थांशी संबंध तोडायला सुरुवात केली. मार्च २०२५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाने जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाबरोबरची विद्यार्थ्यांची देवाणघेवाण थांबवली. जूनमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने इस्रायली विद्यापीठांशी यापुढे असे करार करायचे नाहीत असं ठरवलं. वारा कुठल्या दिशेने वाहतोय हे सगळ्यांना दिसतंय.

माझं मत: विद्यार्थ्यांसाठी दार उघडं ठेवावं, पण करार मोडावा. आज काय होतं? तिकडचं विद्यापीठ दोन नावं पाठवतं आणि आम्ही मान डोलावतो. त्याऐवजी मुलांनी थेट आमच्याकडे अर्ज करावेत, कामाचा नमुना दाखवावा आणि निवड आम्ही करावी.

हे सुचायला कारणही तसंच घडलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी आलेली मुलगी नाझरेथजवळच्या गावातली होती. घरी अरबी बोलणारी, शिक्षण हैफाला. इस्रायलच्या लोकसंख्येत सुमारे २० टक्के अरब आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना सक्तीची लष्करी सेवा नसते. ती रोज संध्याकाळी आईला फोन करायची आणि नंतर कितीतरी वेळ खिडकीपाशी नुसती उभी राहायची. सरसकट बंदी घातली तर तिच्यासारखीचा अर्जही आमच्यापर्यंत पोचणार नाही. हे मला पटवून घेता येत नाही.

रानजाई

ताई, तुमची कळकळ पोचली, तरी मी पूर्ण असहमत आहे.

विद्यापीठ म्हणजे फक्त वर्ग आणि ग्रंथालय, हे गृहीतकच इथे चालत नाही. तालपियोत हा लष्करी कार्यक्रम १९७९ पासून हिब्रू विद्यापीठाच्या आधाराने चालतो. निवडलेली मुलं तिथे भौतिकी, गणित, संगणकशास्त्र शिकतात आणि पुढे लष्करी संशोधनात जातात. एरिएल विद्यापीठ तर व्याप्त पश्चिम किनाऱ्यावरच्या (वेस्ट बँक) इस्रायली वसाहतीतच उभं आहे. आणि जानेवारी २०२४ मध्ये गाझातल्या इस्रा विद्यापीठाची इमारत इस्रायली सैन्याने सुरुंग लावून जमीनदोस्त केली. त्याचं चित्रण जगाने पाहिलं. ज्या मुलांचं विद्यापीठच उरलं नाही, त्यांच्यासाठी तुमच्या विभागात कुठलं टेबल राखून ठेवलंय?

आपल्याला बहिष्कार नवा नाही. १९७४ मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला होता. समोर वर्णभेदी दक्षिण आफ्रिका. आपण खेळलो नाही, चषक सोडून दिला. त्या संघातल्या कुठल्या टेनिसपटूने वर्णभेदाचे कायदे केले होते? कुणीच नाही. तरी आपण खेळलो नाही आणि आजही त्याचा अभिमान सांगतो.

निवृत्त मास्तर

रानजाई, डेव्हिस चषकाच्या वेळी मी शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. त्या निर्णयाबद्दल मलाही अभिमान वाटतो. पण खेळातला सामना आणि शिकायला आलेलं पोर यात फरक आहे. सामन्यात संघ देशाचा झेंडा घेऊन उतरतो. विद्यार्थी वही घेऊन येतो.

१९५९ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतून ओटो हान आणि त्यांचे सहकारी रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत गेले. तेव्हा पश्चिम जर्मनी आणि इस्रायल यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते. ते १९६५ मध्ये जुळले. छळछावण्यांतून वाचलेली माणसं त्या संस्थेच्या आवारात हिंडत होती. जर्मन भाषा कानावर पडली की अंगावर काटा येणारी माणसं. तरी दार उघडलं गेलं. पुढे मिनर्व्हाच्या नावाने फेलोशिप सुरू झाल्या आणि दोन्हीकडचे तरुण एकमेकांच्या प्रयोगशाळांत काम करू लागले. राजदूत नंतर पोचले, शास्त्रज्ञ आधी.

रानजाई

मास्तर, तुमचा दाखला मला उलट दिशेला नेतो. १९५९ मध्ये बोलावणं कुणी दिलं? ज्यांनी सोसलं त्यांनी. आणि कधी? नाझी राजवट कोसळून १४ वर्षं झाल्यावर. आज गाझातल्या एखाद्या प्राध्यापकाने म्हटलं की इस्रायली मुलांना बोलवा, तर मी माझं मत त्याच क्षणी मागे घेईन. त्यांच्या वतीने दार उघडण्याचा हक्क नेदरलँड्समधल्या समितीला नाही आणि मला-तुम्हालाही नाही. २००४ मध्ये शैक्षणिक बहिष्काराची हाक दिली ती पॅलेस्टिनी अभ्यासकांनीच.

कुलाबा ते अश्दोद

हा धागा वाचून हात थरथरतोय, तरी लिहिते.

आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, असं घराघरात सांगतात. गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमचे घाणे बंद. माझी आत्या साठच्या दशकात अश्दोदला गेली. अजून मराठीतूनच भांडते आणि पुरणपोळीही करते. तिची नात बेअरशेबाला जीवशास्त्र शिकते. यंदा तिने युरोपातल्या एका विद्यापीठाच्या उन्हाळी संशोधन योजनेसाठी अर्ज केला. उत्तर एका ओळीचं आलं: तुमच्या देशातून यंदा अर्ज घेत नाही. तिने काय लिहिलंय, तिला काय येतं, हे कुणी पाहिलंच नाही.

आत्या मला फोनवर म्हणाली, "तेव्हा आम्हाला विचारलं होतं, तुम्ही खरे ज्यू का. आता पोरीला सांगतात, तू ज्यूंच्या देशातली, म्हणून नको." ती हे हवेत बोलली नव्हती. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, बेने इस्रायलींच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासायचं फर्मान काढलं होतं. आमच्या लोकांनी निदर्शनं केली, जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये संसदेने आम्ही सर्वार्थाने ज्यू आहोत असं ठरवलं. कपाळावरचा शिक्का पाहून दार लावून घेणं काय असतं, ते आमच्या घराने दोनदा पाहिलं.

हमासच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर नातीच्या वर्गातली अर्धी मुलं मिलुइमवर, म्हणजे राखीव सेवेवर गेली. त्या वर्षी विद्यापीठं उघडली ती थेट ३१ डिसेंबरला. जून २०२५ मध्ये तिच्या गावातल्या सोरोका रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडलं. भीती फक्त एकाच बाजूला आहे असं कृपा करून समजू नका.

वाटाड्या

कुलाबा ते अश्दोद, तुमच्या आत्याला माझा नमस्कार सांगा. एका ओळीचं उत्तर क्रूर होतं, यात मला शंका नाही.

पण त्यांच्या नातीला नकार तरी मिळाला. २००८ मध्ये गाझातल्या सात जणांना अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली होती. इस्रायल त्यांना गाझाबाहेर पडू देईना, म्हणून अमेरिकेने शिष्यवृत्तीच काढून घेतली. जगभर बोंब झाली तेव्हा निर्णय फिरवला आणि त्यानंतरही तिघांचे व्हिसा रद्द केले. निवड झालेली, पैसे मंजूर झालेले, बॅग भरलेली. मे २०२४ मध्ये तर गाझातून इजिप्तकडे जायचं रफाहचं नाकंच बंद पडलं. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत प्रवेश आणि पूर्ण शिष्यवृत्ती हातात असलेली मुलं महिनोन्‌महिने अडकून राहिली. त्यातली काही २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बाहेर पडू शकली.

देवाणघेवाण म्हणताना दोन्ही रस्ते मोकळे असावे लागतात. इथे एका बाजूच्या मुलाला विमान आहे आणि दुसऱ्या बाजूच्या मुलाला नाकंसुद्धा ओलांडता येत नाही. अशा वेळी पहिल्या मुलाचं तिकीट आपण काढून द्यावं का, एवढाच माझा प्रश्न आहे. मी अजून कुठल्याच बाजूला गेलेलो नाही.

सूक्ष्मदर्शक

मी रेहोवोतला अडीच वर्षं पोस्टडॉक होतो. काही गोष्टी जवळून पाहिल्यात, त्या सांगतो.

पहिली, वयाची. तिथला मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला २४ वर्षांचा असतो. मुलग्यांची सक्तीची सेवा जवळपास तीन वर्षं, मुलींची दोन. मग कुणी हॉटेलात काम करून पैसे जमवतं आणि गोव्याला किंवा हिमाचलला भटकून येतं. मग सायकोमेट्रिक परीक्षा आणि मग प्रवेश. म्हणजे आपण ज्याला 'तरुण विद्यार्थी' म्हणतोय, त्याच्या मागे बहुधा लष्कराची वर्षं असतात. रानजाईंना तेच खुपतंय, हे मला कळतं. पण नेमकं याच वयात पहिल्यांदा त्याच्या शेजारी लेबनॉनचा किंवा इराणचा संशोधक बसतो आणि दोघं एकाच यंत्राच्या वेळेसाठी भांडतात. हे त्याला त्याच्या देशात कधीच मिळणार नाही.

जॉर्डनमध्ये सेसामी नावाचं सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे कणांना वेग देऊन प्रयोगांसाठी प्रखर प्रकाश तयार करणारं मोठं यंत्र. ते २०१७ मध्ये सुरू झालं. त्याच्या सदस्यांत इस्रायल, इराण, पॅलेस्टाईन आणि पाकिस्तान एकत्र आहेत. इतकं सगळं घडलं तरी ते यंत्र उभं आहे.

दुसरी गोष्ट अदा योनाथ यांची. पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमवरचं त्यांचं काम रेहोवोतइतकंच जर्मनीत, बर्लिन आणि हॅम्बुर्गला झालं. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांत वाटलं गेलं, त्यांत एक त्या आणि एक आपले बडोद्यात शिकलेले वेंकटरमण रामकृष्णन. त्याच सुमारास योनाथ यांनी जाहीरपणे म्हटलं की इस्रायलच्या तुरुंगातल्या हमासच्या कैद्यांना सोडून द्यावं. त्यांच्या देशात केवढा गदारोळ झाला! परदेशी प्रयोगशाळांत वर्षं काढलेल्या बाईंना आपल्या सरकारच्या विरोधात बोलायला भीती वाटली नाही. सगळ्यांचं असं होतं असा माझा दावा नाही. पण दार बंद केलं तर असं होण्याची वाटच बंद होते.

आणि १५ जून २०२५ ला इराणचं क्षेपणास्त्र वाइझमन संस्थेवर पडलं. माझ्या ओळखीच्या माणसांचे वर्षानुवर्षं जपलेले नमुने एका रात्रीत गेले. प्रयोगशाळा कुणाचीही जळाली तरी माझ्या पोटात कालवतं. गाझातल्या जळाल्या तेव्हाही कालवलं होतं.

रानजाई

सूक्ष्मदर्शक, एका योनाथांच्या नावावर किती फेलोशिप खपवणार? माझा हिशेब वेगळा आहे. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार मृतांची संख्या जुलै २०२५ मध्येच ६०,००० च्या वर गेली होती. हे चालू असताना शेजारी बसून यंत्र वाटून घेतल्याने माणूस बदलेल, याची वाट किती वर्षं पाहायची? इस्रायल १९९६ पासून युरोपच्या संशोधन निधीत सामील आहे. जवळपास ३० वर्षं टेबलं वाटून घेतली. काय फरक पडला?

मात्र एक कबूल करते. १९८६ मध्ये साउदॅम्प्टनच्या जागतिक पुरातत्त्व परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या सगळ्याच अभ्यासकांना बंदी केली होती, वर्णभेदाविरुद्ध उभे राहिलेल्यांनाही. ते मला आजही चुकीचं वाटतं. २००४ ची हाक देणारेही संस्थांवर बहिष्कार घाला म्हणतात, माणूस केवळ तिथला आहे म्हणून त्याला टाळा असं म्हणत नाहीत. त्यामुळे पाणपोईताईंच्या 'करार मोडा' याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्यानंतरच्या 'दार उघडं ठेवा' याला, कारण तिकडचं विद्यापीठ त्याच आठ आठवड्यांचे क्रेडिट देणार आणि आपल्या वार्षिक अहवालात तुमच्या विभागाचं नाव छापणार. करार गेला तरी संबंध राहिलाच.

निवृत्त मास्तर

अहवालात नाव छापलं जाईल म्हणून पोरीला वर्गाबाहेर ठेवायचं, हे ४० वर्षं फळ्यापाशी उभं राहिलेल्या माणसाच्या गळी उतरत नाही. एवढंच.

पाणपोई

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. काल रात्री प्रस्तावाचा मसुदा पुन्हा लिहिला. त्यात काय आहे ते सांगते, म्हणजे चुकत असेल तिथे धरता येईल.

विद्यापीठाबरोबरचा करार संपवायचा. अर्ज थेट विद्यार्थ्याकडून घ्यायचा. क्रेडिट नाही, फक्त कामाचं पत्र, तेही विद्यार्थ्याच्या नावे. रानजाई, हा मुद्दा तुमचा, आणि तो माझ्या लक्षातही आला नव्हता. पश्चिम किनाऱ्यावरच्या वसाहतींत असलेल्या संस्थांना युरोपीय संघ २०१३ च्या नियमांप्रमाणे निधी देत नाही, तोच नियम आम्हीही लावायचा.

लष्करी सेवेबद्दल अर्जात प्रश्न विचारायचा का, यावर मी अडखळले होते. आता ठरवलंय, विचारायचा नाही. सक्तीची सेवा केलेल्या २४ वर्षांच्या मुलाची झडती घेणं आमच्या समितीला जमणार नाही आणि ते तिचं कामही नाही. इथे तुमच्यातले काही जण रागावतील, मला ठाऊक आहे.

तारखाही बदलायच्या. तिकडच्या परीक्षा जुलैत सुरू होतात, दुसरी संधी म्हणजे मोएद बेत ऑगस्टमध्येही असते. जूनमध्ये या म्हटलं की ज्याला परीक्षा पुढे ढकलून घेता येते तोच येतो. फेलोशिप ऑगस्टच्या मध्यापासून ठेवली तर पार्ट-टाइम काम करून शिकणारी, राखीव सेवेमुळे मागे पडलेली आणि नाझरेथकडची मुलं, सगळ्यांनाच येता येईल.

आणि वाटाड्या, तुमच्यामुळे शेवटचं कलम लिहिलं. तेवढ्याच जागा, तेवढेच पैसे पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांसाठी. गाझातून निघता आलं नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. पैसे पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचे, तोवर त्या विद्यार्थ्याला दुरून मार्गदर्शक द्यायचा, आणि ती जागा रिकामी का राहिली हे विभागाच्या पाटीवर लिहायचं.

कुलाबा ते अश्दोद

आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या रिकाम्या जागेचं कलम काढू नका म्हणावं. नातीला ऑगस्टची तारीख कळवते.

रानजाई

मी समितीत असते तर इस्रायलच्या दोन जागांच्या विरोधात मत दिलं असतं, अजूनही देईन. पण मंगळवारी शेवटचं कलम आधी मांडा आणि त्यावर वेगळं मतदान घ्या. पहिल्याबरोबर बांधलंत तर दोन्ही पडतील आणि गाझाच्या जागांना कुणी नकार दिला हे कधीच कळणार नाही. दूरस्थ मार्गदर्शक लागणार असेल तर मला निरोप पाठवा. डब्लिनमध्ये निर्वासित विद्यार्थ्यांना कागदपत्रं तयार करून द्यायचं काम मी तीन वर्षं करतेय.