गोळाभातावरचं तेल आणि पाच लिटरचा डबा

वजन-आरोग्याच्या गप्पांत कुणीतरी 'तेल-तूप बंदच करा' म्हटलंय. अहो, मग गोळाभातावर (डाळीच्या गोळ्यांच्या भातावर) काय पाणी ओतायचं? आमच्या नागपुरात हिंग-मोहरी-लाल मिरचीची कडकडीत फोडणी भातावर चर्र करत पडते, तेव्हा कुठे जेवण सुरू होतं.

गंमत सोडा. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवेतच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण कॅलरींच्या ३० टक्के. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला साधारण ६५ ग्रॅम. त्यात दूध, शेंगदाणे, खोबरं सगळंच आलं.

मी हिशेब डब्यावरून केला. आम्ही चौघं, ५ लिटरचा डबा महिन्यात साफ. माणशी रोज ३८ ग्रॅम नुसतं तेल! रविवारचं सावजी (आमचा झणझणीत, तेलकट रस्सा) आणि तर्री-पोहे (तिखट रस्सा घातलेले पोहे) वेगळेच (तर्रीवरचा लाल तवंग म्हणजे दुसरं काय असतं?). आता तोच डबा ४० दिवस पुरवतो, म्हणजे २८ ग्रॅमवर आलो. फोडणीचं तेल चमच्यानं मोजतो, त्यावरून बायको रोज टोमणे मारते. जवसाची चटणी मात्र सोडली नाही, त्यात ओमेगा-३ हा चांगला स्निग्ध घटक असतो.