उणे ३० तापमान आणि मोकळ्या माळावरचा वारा: वाचनालयाच्या डिझाइनसाठी सल्ला हवा

माळवद
सोलापुरात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थीसिससाठी कॅनडातल्या रेजायना शहराच्या कडेला एक वाचनालय घेतलंय. जमीन सपाट, कुठे आडोसा नाही, जानेवारीत पारा उणे ३० च्या खाली जातो आणि त्यावर वारा. आपलं सगळं शिक्षण उन्हाला धरून: खिडक्या समोरासमोर, हवा आरपार, गच्चीला चुना. यातलं तिथे काय टिकतं तेच उमगत नाहीये. हवामानवाले विंड चिल (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी) उणे ४५ वगैरे सांगतात, मग इन्सुलेशनचा हिशोब त्या आकड्यावर करायचा का? आणि केस स्टडीला कोणत्या इमारती घेऊ? गाईडसर लडाख सुचवतायत. कॅनडासारख्या थंडीत राहिलेल्या किंवा काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

प्रेअरीकर
विंड चिल भिंतीच्या हिशोबात अजिबात धरू नकोस. तो आकडा माणसाच्या उघड्या कातडीसाठी आहे. अंटार्क्टिकात सिपल आणि पॅसल या संशोधकांनी पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून त्याची सुरुवात केली, २००१ मध्ये कॅनडा-अमेरिकेने सूत्र बदललं. हवा उणे २० आणि वारा ताशी ३० किमी असला की निर्देशांक उणे ३३ येतो. पण वाऱ्यामुळे भिंत काही उणे २० च्या खाली उतरत नाही. भिंतीला बिलगलेला हवेचा पातळ थर वारा उडवून लावतो, उष्णता जरा लवकर जाते, एवढंच. फूटभर इन्सुलेशनपुढे त्या थराची काय मातब्बरी!

खरं नुकसान फटींतून होतं. वाऱ्याच्या तोंडाला दाब, पाठीला ओढ, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट. शिवाय उणे ३० ची हवा सोलापूरच्या ४० अंशांच्या हवेपेक्षा सव्वापटीहून जड असते, त्यामुळे त्याच वेगाला तिचा धक्काही तेवढा जास्त. आतली गरम हवा वर चढून वरच्या फटींतून निसटते, खालून गार हवा ओढली जाते. निसटणारी हवा सोबत वाफ नेते. ती वाफ भिंतीच्या पोटात गार भागाला लागली की तिचं पाणी होतं, मग बर्फ. बर्फ वितळला की लाकूड ओलं राहतं आणि कुजायला लागतं. म्हणून तुझा सगळ्यात महत्त्वाचा डिटेल म्हणजे हवाबंद थर. सेक्शनवर (इमारतीच्या उभ्या छेदाच्या चित्रावर) तो पाया, भिंत, खिडकीची चौकट, छत असा पेन न उचलता फिरवून बघ. जिथे पेन उचलावं लागेल तिथे इमारत गळणार.

केस स्टडी तुझ्या त्याच शहरात आहे: सस्कॅचेवान कन्झर्वेशन हाऊस, १९७७. भिंती सुमारे १२ इंच जाड, घर तापवणारी नेहमीची फर्नेस (भट्टी) नाहीच, आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र. जर्मनीतल्या पॅसिव्ह हाऊसच्या, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घराच्या विचाराला या घराचा मोठा आधार मिळाला.

थंडघर
मी कोल्ड स्टोरेजची कामं करतो, बेदाणा आणि डाळिंबाची. तुला कॅनडाला जाता येणार नाही, पण सोलापूर-पंढरपूर पट्ट्यातल्या एखाद्या कोल्ड स्टोरेजमध्ये परवानगी काढून मे महिन्यात जा. पफ पॅनलचे (आत फोम भरलेल्या इन्सुलेशनच्या पत्र्यांचे) सांधे, दाराचं गॅस्केट (कडेची रबरी पट्टी), दारापुढची अँटी-रूम (मधली छोटी खोली) हे सगळं हात लावून बघ. सांधा नीट सील केलेला नसेल तर बाहेरची दमट हवा शिरून कोपऱ्यात बर्फ धरतो, तो तुला डोळ्यांनी दिसेल. आणि हे लक्षात ठेव: वाफ अडवणारा थर आम्ही बाहेरच्या अंगाला ठेवतो, कारण ऊब बाहेर आहे. तुझ्या वाचनालयात ऊब आत, म्हणून तो थर आतल्या अंगाला. इथे उलटापालट झाली तर भिंत सडलीच म्हणून समज.

रेघोट्या
गाईडसरांचं लडाख अर्धंच घे. लेह ३४ अक्षांशावर, हिवाळ्यातही लख्ख ऊन, त्यामुळे ट्राँब भिंत (काचेमागची जाड भिंत, दिवसा ऊन साठवून रात्री ऊब देणारी) छान चालते. रेजायना ५० अंशांवर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर. दक्षिणेची काच तिथेही उपयोगी आहे, पण रात्र लांब, म्हणून काच तिहेरी घे.

वाऱ्यासाठी राल्फ अर्स्किनचं काम बघच. इंग्लंडमध्ये जन्मलेला, स्वीडनमध्ये राहिलेला वास्तुविशारद. उत्तर स्वीडनच्या स्वाप्पावारात त्याने १९६० च्या दशकात एक लांबलचक इमारत वाऱ्याला आडवी घातली. त्याच विचारातून १९७० च्या दशकात क्यूबेकमधलं फेरमाँट हे लोहखनिजाच्या खाणीचं गाव उभं राहिलं. तिथली एकच इमारत १.३ किमी लांब, आत घरं, दुकानं, शाळा, आणि तिच्या आडोशाला बाकीचं गाव. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. इमारत स्वतःला तर जपतेच, शिवाय बाहेर चालणाऱ्या माणसालाही सांभाळते. प्रेअरीकर म्हणतात तो कातडीचा आकडा इथे, बाहेरच्या अंगणात लागू कर.

माळवद
सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्ड स्टोरेजचं लगेच विचारतो. म्हणजे इमारत काटकोनात वळवून दक्षिणेला अंगण, आणि दार त्या अंगणात, वाऱ्याच्या पाठीला. बरोबर ना?

प्रेअरीकर
अंगण बरोबर, दार नाही. वारा पाठीमागे मंदावतो आणि उडता बर्फ नेमका तिथेच खाली बसतो. दार वाऱ्याला समांतर असलेल्या बाजूला दे, तिथे वारा जमीन झाडून नेतो. आत शिरल्यावर दोन दारांची मधली खोली हवीच, आणि ती इतकी लांब की पहिलं दार मिटल्यावरच माणूस दुसऱ्यापाशी पोचेल. आगीच्या वेळी सुटकेची दारं बाहेर उघडतात, ती ढिगात अडकता कामा नयेत, म्हणून त्यांच्या जागा प्लॅनवर सगळ्यात आधी पक्क्या कर. अंगणही थोडं मोठं धर, बर्फ बसायला जागा लागते. आणि विंड रोझ (वारा कुठून किती वाहतो ते दाखवणारी आकृती) काढशील तो बर्फ उडण्याच्या दिवसांचा काढ. वर्षभराच्या सरासरीत उन्हाळ्याचा वारा मिसळतो आणि दिशा चुकते.